आकुर्डीची चेतक, सहकारनगरचं पार्किंग : दुरुस्तीच्या नोंदी

गाडी : बजाज चेतक स्कूटर, आकुर्डीच्या कारखान्यातली, १९९१ची, १४५ सीसी, पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची), सहा व्होल्टची, बॅटरी नाही.
जागा : पुण्यात, आमच्या सोसायटीचं पार्किंग. एक दिवा, एक प्लग पॉइंट, शेजारी दोन चारचाकी.
आधीचा अनुभव : स्पार्क प्लग साफ करणं आणि चाक बदलणं, तेवढाच.

जुनी गाडी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याचा पैसा आणि हुरूप बहुतेक वेळा रंगात, बीडिंगमध्ये आणि चकचकीत सुट्या भागांत संपतो. इंजिन मात्र तसंच राहतं. मला हे उलट्या क्रमाने करायचं आहे : आधी इंजिन, मग पत्रा, शेवटी रंग. कुणाला हेच काम करायचं असेल तर कुठे वेळ गेला, कुठे पैसे गेले हे त्यांना आधीच कळावं म्हणून नोंदी ठेवते आहे.

१० नोव्हेंबर २०२४

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून नऊ हजारांना घेतली. भाव ठरवण्याआधी कागद पाहिले. आरसी बुक जागेवर, नोंदणी मुदतीत, नाव त्यांचंच. यातलं एक जरी नसतं तर फुकट मिळाली तरी घेतली नसती, कारण मालकच सापडत नसेल तर नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही कुणाची घेणार? चासी नंबरावर गंज होता. तो पॉलिश पेपरने घासायचा नाही, आकड्यांच्या कडा गेल्या की आरटीओत तपासणीच्या वेळी अडचण होते. रॉकेलचं फडकं रात्रभर ठेवून सकाळी पितळी ब्रशने हलकं पुसलं. नंबर जुळला. इंजिनाचाही जुळला.

व्हिंटेज हा शब्द मी वापरत नाही. केंद्राच्या २०२१च्या नियमात त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. ही साधी जुनी गाडी आहे, तिला नेहमीचेच नियम लागू.

चेतक १९७२ साली आली. त्याआधी बजाज वेस्पाच्या परवान्यावर स्कूटर बनवत असे आणि चेतकची मूळ घडण वेस्पा स्प्रिंटची आहे. याचा उपयोग असा की स्प्रिंटच्या इंजिनाची चित्रं पाहून आतली रचना समजून घेता येते. पण भाग मागवताना चेतकचाच, आणि तोही जुना काढलेला नमुना सोबत नेऊनच घ्यायचा. वर्षानुसार मापं बदललेली आहेत.

१७ नोव्हेंबर

किक मारली नाही. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाला थेट किक मारली आणि पिस्टन अडकलेला असला तर किकचे दाते जातात. प्लग काढून भोकातून टूटी ऑईल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्येच मिसळतात ते) सोडलं, दोन दिवस ठेवलं, मग मॅग्नेट (इंजिनाच्या बाजूचं चुंबकी चाक) हाताने हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवलं. फिरलं. पिस्टन मोकळा आहे.

टाकी काढली. आतला गंज पाहून व्हिनेगर भरलं, मूठभर जुने नट टाकले आणि दर तासाभराने हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी आतून स्वच्छ पत्रा दिसला. पाण्याने धुवून उन्हात उलटी ठेवली. संध्याकाळपर्यंत आत पुन्हा केशरी थर. व्हिनेगरने उघडा पडलेला पत्रा ओला राहिला की काही तासांत गंजतो. पुन्हा सगळं केलं. या वेळी धुतल्याबरोबर हेअर ड्रायरने सुकवली आणि लगेच पेट्रोल-टूटीच्या मिश्रणाने आतून माखली. तेव्हापासून गंज नाही. पेट्रोलचा कॉकही बदलला, जाळी फाटली होती.

२० नोव्हेंबर, मतदानाची सुट्टी

ठिणगी नाही. पॉइंट मॅग्नेटच्या आत आहेत, म्हणून मॅग्नेट काढणं आलं. त्यासाठी पुलर लागतो, नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, अडीचशेला मिळाला. पुलर न घेता कडेला हातोडी मारून काढणारे आहेत. त्यात मॅग्नेटला तडा जातो किंवा क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) टोक वाकतं, आणि ती दुरुस्ती पुलरच्या दहापट महाग पडते.

आतली प्लेट सोडवण्याआधी प्लेट आणि चेंबर (इंजिनाची बाहेरची पेटी) यांवर टोचाने एकच आडवी रेघ मारून ठेवली. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नंतर याच रेघेवर परत आणायचं. पॉइंट खड्डे पडलेले होते. नवे बसवले, फटीला ०.४ मिमीची पाती लावली, नवा कंडेन्सरही टाकला. ठिणगी आली, पण पिवळी आणि मरतुकडी.

इथे बराच वेळ गेला. वायर तपासली, कॉइल तपासली, प्लग बदलला. शेवटी जुना, गंजका कंडेन्सर परत जोडला आणि निळी ठिणगी आली. नवा कंडेन्सर डब्यातून निघाला तेव्हाच निकामी होता. पॉइंट आणि कंडेन्सर एकाच वेळी बदलले नसते तर दोष तिथल्या तिथे कळला असता. एका वेळी एकच भाग बदलायचा, चालवून पाहायचं, मग पुढचा. जुना काढलेला भाग गाडी चालेपर्यंत टाकायचा नाही.

कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्यावर) घासणारा नमद्याचा तुकडा कोरडा असेल तर त्याला ग्रीस लावा. कोरड्या कॅमवर नव्या पॉइंटची टाच लवकर झिजते आणि फट आपोआप कमी होत जाते.

१ डिसेंबर

सुरू झाली. लीटरला ४० मिली टूटी. चोक ओढून, गाडी थोडी तिरकी करून, किक. धूर इतका झाला की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली.

सुरू झाली, पण बरी नाही. ॲक्सिलरेटर बंद केला तरी इंजिन चढतच जातं, म्हणजे वेग वाढत राहतो, खाली येत नाही. स्लो स्क्रू (उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणारा) कमी केला की थेट बंद. प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त.

८ डिसेंबर

कार्बोरेटर पूर्ण उघडून साफ केला. जेटमध्ये तार घातली नाही, तारेने भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवेने उडवले. गॅस्केट बदलली. हवेचा स्क्रू पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर. फरक शून्य.

१५ डिसेंबर

नवा कार्बोरेटर आणला, मूळ कंपनीचा नव्हे, तसाच दिसणारा. १,३५० रुपये. जोडला. तेच. इंजिन तसंच चढतं. हा खर्च पूर्ण वाया. या टप्प्यावर थांबलेल्या चेतक पुण्यात कितीतरी पार्किंगमध्ये असतील, कारण लक्षण कार्बोरेटरसारखं दिसतं आणि सगळे कार्बोरेटरच सांगतात.

२१ डिसेंबर

नाना पेठेत सील (फिरत्या दांड्याभोवतीची रबरी कडी) विचारायला गेले तेव्हा दुकानासमोर स्टुलावर बसलेल्या एका वयस्कर फिटर चाचांनी विचारलं, "ताई, गिअर ऑईल कमी होतंय का?" होत होतं. मी भरलेलं ऑईल लेव्हलच्या बरंच खाली गेलं होतं आणि खाली फरशीवर डाग नव्हता. "मग ते कुठं जातंय? इंजिन पितंय. कार्बोरेटरला हात लावू नका आता. हवा भरून बघा."

हवा भरून पाहायची पद्धत त्यांनी सांगितली ती अशी. सायलेन्सर काढून त्या तोंडाला रबराचा तुकडा आणि पट्टी लावून बंद करायचं. कार्बोरेटर काढून त्याच्या जागी एक पत्र्याची पट्टी, तिला जुन्या ट्यूबचा व्हॉल्व बसवलेला. सायकलच्या पंपाने पाच-सहा पीएसआय दाब, त्याहून जास्त नाही, नाहीतर चांगलं सीलही जागेवरून सुटतं. मग साबणाचं पाणी सगळीकडे.

२२ डिसेंबर

या कामातला सर्वांत मोलाचा दिवस. मॅग्नेट आणि प्लेट काढून सीलभोवती साबणाचं पाणी लावलं तर सरळ फेस येत होता. दुसरीकडे गिअर ऑईल भरायच्या भोकाला कान लावला तर आतून हवा येत होती. म्हणजे क्रँकची दोन्ही बाजूंची सील गेलेली.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या खोलीत येतं, म्हणून ती खोली हवाबंद असावी लागते. मॅग्नेटकडचं सील फुटलं की तिथून जास्तीची हवा आत येते आणि इंजिन चढतं. क्लचकडचं फुटलं की गिअर ऑईल ओढलं जातं आणि पांढरा धूर निघतो. मला तो धूर टूटीचा वाटत होता. पट्टी, व्हॉल्व आणि साबण यांना शंभर रुपयेही लागले नाहीत. ही तपासणी पहिल्या दिवशी केली असती तर कार्बोरेटरचे पैसे वाचले असते.

मॅग्नेटकडचं सील बाहेरून बदलता येतं. क्लचकडचं बदलायला चेंबर उघडावंच लागतं. ठरवलं, उघडायचं.

२९ डिसेंबर

इंजिन गाडीवर असतानाच मागच्या चाकाच्या हबचा मोठा नट सैल केला, ब्रेक दाबून. इंजिन खाली उतरल्यावर ते धरायला काही राहत नाही.

इंजिन धरणारा लांब बोल्ट बुशमध्ये (ज्या नळीतून तो जातो तिच्यात) गंजून बसला होता. दोन्ही टोकांना गंज सोडवणारं ऑईल मारून आठवडाभर ठेवलं होतं, तरी हलेना. टोकावर नट चढवून त्यावर लाकडी ठोकळा ठेवून ठोकला. नट न चढवता ठोकलं की आट्यांचं टोक पसरतं आणि बोल्ट बुशमधून बाहेर येत नाही. दुपारपर्यंत सुटला. नवा बोल्ट घेतला, जुना किंचित वाकला होता.

इंजिन वर घ्यायला आणि खाली ठेवायला दोन माणसं लागतात. खरं तर इंजिन उचलण्यापेक्षा गाडीचा मागचा भाग उचलून बाजूला नेणं सोपं जातं.

५ जानेवारी २०२५

क्लचचा नट खाचांचा आहे, साध्या गोटी पान्याने निघत नाही. छिन्नीने ठोकून काढलेल्या नटांचे नमुने जुन्या बाजारात पाहिले आहेत, एकाच्याही खाचा शाबूत नव्हत्या. त्याचा खास पाना १८० रुपयांना मिळतो, तो घेतला. नटाखालच्या वॉशरचा कान आधी सरळ करायचा.

चेंबरचे दोन भाग वेगळे केले. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. ॲल्युमिनियमवर एक ओरखडा पडला तरी तिथून कायम ऑईल गळतं. लाकडी हातोडीने चौफेर हळूहळू.

आता ज्यावर माझी संध्याकाळ गेली ते. गिअरच्या एका शाफ्टमध्ये सुया-बेअरिंग आहे आणि त्यातल्या सुया सुट्या आहेत, पिंजऱ्यात नाहीत. शाफ्ट ओढला की त्या सगळीकडे सांडतात. माझ्या सांडल्या. खाली मोठी थाळी ठेवली होती म्हणून सगळ्या सापडल्या, एक तेवढी थाळीच्या कडेखाली गेली होती, ती लोहचुंबकाने मिळाली. बसवताना जाड ग्रीसमध्ये रोवून एकेक सुई जागेवर लावायची आणि शेवटची बसल्यावर एकाही सुईइतकी जागा उरलेली नाही ना, हे पाहायचं. एक कमी राहिली तर बाकीच्या तिरक्या होतात.

आत काय सापडलं : दोन्ही सील प्लास्टिकसारखी कडक. बेअरिंग फिरवल्यावर खरखर. गिअरच्या क्रॉसची (गिअर पकडून ठेवणाऱ्या फुलीच्या आकाराच्या तुकड्याची) टोकं गोल झालेली, म्हणजे दुसऱ्या गिअरमधून गाडी सुटत असणार. क्लच प्लेटा जळक्या. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला वर-खाली खेळ अजिबात नाही, बाजूला थोडा आहे, तो असायलाच हवा. क्रँक तोच ठेवला. सर्वांत भीती होती ती क्रँकच्या पाळीखालच्या (क्रँकवरच्या जाड चकतीखालच्या) पट्टीची. या इंजिनात पेट्रोल आत यायचं दार म्हणजे क्रँकची पाळीच, आणि ती चेंबरच्या ज्या पट्टीवरून फिरते तिथे खोल चर असले तर चेंबरच निकामी ठरतं. पट्टीवर बारीक रेघा होत्या, नखाला लागत नव्हत्या. चालेल.

१२ जानेवारी

सिलिंडर रिबोअरला (आतून कापून किंचित मोठा करायला) दिला होता, परत आला. पिस्टन किटसह १,६५०. घरी आणून पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांच्या) कडांवरून बोट फिरवलं तर पात्यासारख्या धारदार. रिबोअरनंतर या कडा घासून किंचित गोल कराव्या लागतात, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते आणि नवं बोअर खरवडून जातं. परत नेऊन करून घेतल्या. सिलिंडर आणायला जाल तेव्हा दुकानातच बोट फिरवून बघा.

१९ जानेवारी

जोडणी. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, चेंबर इंडक्शन शेगडीवर जाड तवा ठेवून त्यावर गरम केलं. थुंकी टाकल्यावर चर्र होईल इतपत, त्याहून जास्त नाही. बेअरिंग हाताने दाबताच आत गेलं. हातोडी लागली नाही. शेगडी नंतर नीट पुसून ठेवली.

सीलची स्प्रिंग असलेली बाजू क्रँकच्या खोलीकडे. ओठाला ग्रीस. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेने. गजन पिनचे (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनचे) सर्कलिप नवेच, जुने पुन्हा वापरायचे नाहीत. रिंगांची टोकं पिस्टनवरच्या खिळ्यांशी जुळली आहेत हे पाहूनच सिलिंडर खाली सोडायचा, जोर लावायचा नाही.

चेंबर बंद केल्यावर इंजिन गाडीवर चढवण्याआधी पुन्हा पंप लावला. पाच पीएसआय, दहा मिनिटं, काटा हलला नाही. गिअर ऑईल लेव्हलच्या भोकातून ओघळेपर्यंत, साधारण पाव लीटर.

२६ जानेवारी

जुना, मूळ कार्बोरेटर लावला. सुरू झाली. ॲक्सिलरेटर सोडला आणि आवाज खाली आला, तिथेच स्थिर राहिला. प्लग तपकिरी. मी चहाला वर गेलेच नाही, तिथेच बसून ऐकत राहिले.

९ फेब्रुवारी

केबल. जुनी केबल ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला नवी बांधायची आणि मग ओढायची, म्हणजे नवी आपोआप हँडलमधून खाली येते. क्लचची केबल मी आधी काढून टाकली आणि नवी घालायला हँडलच्या वाकणात अर्धा दिवस गेला. शेवटी सायकलच्या ब्रेकची जुनी तार वरून सोडून तिला नवी बांधून खेचली.

गिअरला दोन केबल आहेत, एक ओढते आणि दुसरी सोडते. दोन्ही ताठ लावल्या तर गिअर जड पडतो, दोन्ही सैल असल्या तर पहिला लागत नाही. न्यूट्रलला हँडलवरची खूण जुळवून दोन्हींना अगदी थोडा खेळ ठेवला. आता चारही गिअर स्वच्छ लागतात आणि सुटत नाहीत, नव्या क्रॉसमुळे.

२३ फेब्रुवारी

पत्रा. पायाखालच्या रबरी पट्ट्या काढल्या तेव्हा पत्रा जाळीदार झाला होता. पाणी पट्ट्यांखाली साचतं, वरून काही दिसत नाही. विकत घेताना तिथे टोचा टोचून पाहावा. खालची आडवी पट्टीही गेली होती, आणि मागचा ब्रेक पेडल तिच्याजवळच बसतो, म्हणून हे काम दिसण्याचं नाही, सुरक्षेचं आहे.

वेल्डिंग धायरीतल्या एका वर्कशॉपमध्ये सीओटू वेल्डिंग मशीनने करून घेतलं, १,८०० रुपये. गॅसने केलं तर इतका पातळ पत्रा उष्णतेने वेडावाकडा होतो. सँड ब्लास्टिंगही याच कारणाने टाळलं, रंग घासूनच काढला. डाव्या डिकीवर घासताना लांबीचा (पोचे भरायच्या पुट्टीचा) जाडच्या जाड थर निघाला, खाली मोठा पोचा होता, ठोकून न काढता भरून टाकलेला. तो आतून ठोकून काढला, मग वर पातळ लांबी.

१६ मार्च

रंगाचा प्रयोग मडगार्डवर घरी केला. स्प्रेचे डबे आणले, दिसायला छान झालं. दुसऱ्या दिवशी हातावरचं पेट्रोल लागलं आणि तेवढा भाग पुसून निघाला. डब्यातला साधा रंग पेट्रोलपुढे टिकत नाही आणि या गाडीत टाकीचं झाकण सीटखालीच, पेट्रोल सांडणारच. हार्डनरचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते, साधा मास्क पुरत नाही. पार्किंगमध्ये मुलं खेळतात. ते काम पेंटरच्या बूथमध्ये दिलं. डेंटिंगसह ११,००० रुपये. रंग मूळचाच, फिकट निळा. स्टेपनीच्या ब्रॅकेटखाली जुना रंग कोरा राहिला होता, त्यावरून मिळवला.

देण्याआधी प्रत्येक आट्याच्या भोकात जुना बोल्ट अर्धा चढवून दिला. नाहीतर रंग आट्यात बसतो आणि सगळीकडे टॅप मारत, म्हणजे आटे पुन्हा पाडत, बसावं लागतं.

१३ एप्रिल

दिवे. सगळं जोडलं, एकही दिवा नीट लागेना, हॉर्न घरघरतोय. वायरिंग नवं, तपकीर गल्लीतून घेतलेले बल्ब नवे. दोष रंगाचा होता. या गाडीत विजेचा परतीचा मार्ग बॉडीतून जातो आणि नव्या रंगाने बॉडी आणि बोल्ट यांच्यामध्ये थर आला होता. अर्थिंगच्या प्रत्येक बोल्टखाली नाण्याएवढा रंग खरवडून, व्हॅसलीन लावून घट्ट केलं. सगळं लागलं.

दुसरी गोष्ट : बॅटरी नसल्यामुळे मॅग्नेट जितकं देतं ते सगळं बल्बांमध्येच वाटलं जातं. मागचा बल्ब उडालेला असताना गाडी पळवली की वाढीव व्होल्टेज पुढच्यावर येतं आणि तोही उडतो. माझा असाच गेला. एक बल्ब गेला की हळू घरी यायचं आणि आधी तो बदलायचा. बल्ब ठरलेल्या वॅटचाच घ्यायचा.

२० एप्रिल

टायर ३.५०-१०, दोन टायर ट्यूबसह ३,३००. रिम दोन भागांची आहे, नटांनी जोडलेली. हवा पूर्ण काढल्याशिवाय रिमचे हे नट सोडवायचे नाहीत. भरलेल्या ट्यूबच्या जोराने रिमचे भाग उडून चेहऱ्यावर येऊ शकतात. गाडीला चाक धरणारे नट वेगळे आणि रिम जोडणारे वेगळे. कुठले कुठले हे समजेपर्यंत पाना लावू नये. मी रिमच्या नटांवर खडूने खूण केली आहे. व्हॉल्वची पिन काढून टायर हाताने दाबून पाहिला, मगच सोडवले.

आतापर्यंतचा खर्च गाडीच्या किमतीसह, कागद सोडून, अडतीस हजारांच्या आत. त्यात साधारण तीन हजार हत्यारांचे. इंजिनाचा सगळा खर्च, वाया गेलेला कार्बोरेटर धरूनही, डेंटिंग-पेंटिंगच्या निम्म्याच्या आसपास आहे.

४ मे

कागद. नाव बदलून झालं. थर्ड पार्टी विमा, ७५ ते १५० सीसीच्या गटात, ७१४ रुपये अधिक जीएसटी. उच्च सुरक्षा नंबर प्लेट, दुचाकीला जीएसटीसह ५३१. पीयूसी पहिल्या प्रयत्नात मिळाली. तपासणीआधी गाडी नीट गरम करून न्यावी, थंड टू-स्ट्रोकमधून न जळलेलं तेल जास्त येतं.

११ मे

कात्रजचा जुना घाट. रिबोअरनंतर पहिली काहीशे किलोमीटर लीटरला ५० मिली टूटी आणि अर्ध्याच्या वर ॲक्सिलरेटर नाही असं ठरवलं आहे, म्हणून पहाटेच निघाले. बोगद्याच्या अलीकडच्या चढावर इंजिन हळूहळू मेलं. पिस्टन जाम झाला अशीच भीती वाटली. किक मोकळी होती, म्हणजे जाम नाही. टाकीचं झाकण उघडलं तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलं होतं. पेट्रोल खाली जातं, वरून हवा येत नाही आणि थोड्या वेळाने पेट्रोलही यायचं थांबतं. झाकण सैल ठेवून घाट चढले, घरी येऊन भोक बारीक तारेने साफ केलं. वाटेत बंद पडून पाच मिनिटांनी आपोआप सुरू होणाऱ्या गाडीत आधी झाकण बघा.

२५ मे

यंदा मे महिन्यातच पाऊस लागला. स्वारगेटच्या पाण्यातून आल्यावर गाडी फुटफुटायला लागली. प्लगच्या टोपीचं रबर कडक होतं आणि वायरच्या बाजूने पाणी आत जात होतं. अंधारात सुरू करून पाहिलं तर टोपीतून इंजिनच्या फिनवर ठिणगी उडताना दिसली. टोपी बदलली, साठ रुपये. वायरचं टोक अर्धा इंच कापून ताजी तार टोपीच्या स्क्रूवर बसवली.

मिश्रण आता ४० मिलीवर आणलं आहे. गिअर ऑईलची लेव्हल दर रविवारी पाहते, जानेवारीपासून खाली गेलेली नाही. राहिलेलं काम : पुढचा शॉकअप मऊ आहे, स्पीडोमीटरची केबल अजून मिळालेली नाही. पंपाची पट्टी, मॅग्नेटचा पुलर आणि क्लचचा पाना सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत ठेवला आहे. शेजारच्या इमारतीतल्या एका काकूंची चेतकही ॲक्सिलरेटर सोडल्यावर चढते, पुढच्या रविवारी तिला हवा भरून बघणार आहोत.